मदत हवी आहे: एमएस्सीच्या मुलांना इंग्रजीत प्रबंध लिहायला शिकवताना अडलेय

लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. दुसऱ्या वर्षाला २२ मुलं आहेत, बहुतेकांचं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालेलं. प्रयोग चोख करतात, निष्कर्ष मराठीत नेमका सांगतात. लिहायला बसली की मात्र नेटवरचे परिच्छेद उचलून चार शब्द बदलतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या वाङ्मयचौर्याबाबतच्या नियमांत इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण माझी चिंता टक्क्यांची नाही. मुलांचा स्वतःचा विचार कागदावर येतच नाही, याचं वाईट वाटतं.

महिनाभर व्याकरण घेतलं, फरक शून्य. मग प्रस्तावनेसाठी शोधलेखनाचे अभ्यासक जॉन स्वेल्स यांच्या तीन पायऱ्या वापरल्या: विषयाचं महत्त्व, आधीच्या कामातली उणीव, आपण काय केलं. आधी मराठीत लिहून घेतलं. ते मसुदे खरंच छान होते! इंग्रजीत आणताना दुसऱ्या पायरीवर गाडी अडते. ‘यावर कुणीच काम केलेलं नाही’ असं सगळे ठामपणे लिहून मोकळे होतात. ‘आमच्या वाचनात आलं नाही’ असं जपून म्हणणं जमत नाही.

आठवड्याला एकच तास मिळतो. विकतचं सॉफ्टवेअर नको, आणि लेखन कसं शिकवावं याचं प्रशिक्षण मलाही नाही. एआयकडून मसुदा लिहून घेणं मी बंद केलंय.

हे जपून, पुराव्याच्या मापात लिहिणं तुम्ही वर्गात कोणत्या सरावाने शिकवलंत? आणि २२ मसुदे तपासताना सगळ्या चुका दाखवाव्यात, की एका वेळी एकच?