पावसाळ्यानंतर गोल्फच्या ग्रीन्सवर शेवाळ आणि साचणारं पाणी: होल कधी मारायचे, वाळू किती, कोणती?

मुळाकाठ (प्रश्न)

पुण्याच्या पश्चिमेला नऊ होलचा गोल्फ कोर्स आहे. ग्रीन्स (चेंडू होलमध्ये ढकलायची बारीक कापलेली हिरवळ) टिफड्वार्फ या हायब्रिड बर्म्युडा गवताची, सरासरी ५०० चौरस मीटर. जुनी बांधणी आहे, म्हणजे खाली खडी-पाइपचा थर नाही. काळ्या मातीवर वर्षानुवर्षं वाळू पडत जाऊन वर साधारण ९ सेंटिमीटरचा वाळूचा थर झाला आहे.

सध्या सप्टेंबरअखेर तीन ग्रीन्सवर काळपट शेवाळाची साय धरली आहे आणि पाय दाबला की पाणी वर येतं. कापणी ६ मिमीवर ठेवली आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सदस्यांची स्पर्धा आहे, त्यामुळे कमिटी म्हणते होल (हवा-पाणी खाली जायला पाडायची भोकं) स्पर्धेनंतरच मारा. तोवर शेवाळावर वाळू टाकून भागेल का? होल मारायचे तर कधी, किती खोल, आणि एका ग्रीनला वाळू किती धरायची? क्रशर वाळू चालेल का?

टर्फवाला

शेवाळावर वाळू टाकू नका. ती साय वाळूखाली गाडली जाते, तिथे पाणी अडवणारा पापुद्रा तयार होतो आणि पुढच्या पावसात त्याच पातळीला मुळं थांबतात. आधी साय फुटली पाहिजे. ६ ते ८ मिमीचे बारीक सॉलिड टाइन (माती न काढता भोक पाडणारे भरीव दात) आत्ताच, उघडीप मिळेल त्या दिवशी मारा. पटिंगला (ग्रीनवर चेंडू घरंगळवायला) त्याचा त्रास होत नाही. पाणी देणं बंद ठेवा, मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लेबलवरच्या मात्रेत दहा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा, आणि साय वाळून तडकली की ब्रशने झाडून उचला.

मग कप कटरने (होल पाडायच्या गोल हत्याराने) प्रत्येक ग्रीनचा, त्यातही सर्वांत सखल कोपऱ्याचा, १५-२० सेंटिमीटरचा गड्डा काढून उभा चिरून बघा. काळी रेघ दिसली आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर तिथे हवा पोचत नाही. रेघ वरच्या ५-६ सेंटिमीटरात असेल तर होलो टाइनने (मातीचा गड्डा उपसून काढणाऱ्या पोकळ दातांनी) काम होईल. ती वाळू आणि मातीच्या सांध्यावर असेल तर ७-८ सेंटिमीटरचा टाइन तिथपर्यंत पोचणारच नाही.

तारखेबद्दल कमिटीला हे दाखवा: डिसेंबरात तुमच्याकडे रात्री १० अंशांच्या आसपास जातात आणि हायब्रिड बर्म्युडाची वाढ जवळपास थांबते. स्पर्धेनंतर मारलेली भोकं फेब्रुवारीअखेरपर्यंत उघडी राहतील. परतीचा पाऊस संपला की ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मारली, तर त्या महिन्याच्या उन्हात तीन ते चार आठवड्यांत भरून येतात. स्पर्धेआधी आणखी तीन आठवडे हातात राहतात.

क्रम असा ठेवा. आठवडाभर आधी अमोनियम सल्फेट, चौरस मीटरला १२ ग्रॅम, म्हणजे एका ग्रीनला ६ किलो. टाकल्या टाकल्या पाणी, नाहीतर पानं करपतात. त्या दिवशी सकाळी दव झटकून ५ मिमीवर कापणी. १२ मिमीचे होलो टाइन, ५ × ५ सेंटिमीटर अंतर, खोली ७.५. निघालेले गड्डे त्याच दिवशी फावड्याने उचला. तुमच्या ग्रीनवर ते परत घासून भरू नका, त्यात गाळ आणि शेवाळ दोन्ही आहेत. फेअरवेच्या (ग्रीनपर्यंतच्या मैदानाच्या) खड्ड्यांत चालतील.

वाळूचा हिशोब: ५ × ५ वर चौरस मीटरला ४०० भोकं. १२ मिमीच्या भोकांनी सुमारे साडेचार टक्के पृष्ठभाग निघतो. ७.५ सेंटिमीटर खोलीला ५०० चौरस मीटरमागे १.७ घनमीटर, म्हणजे ६० घनफूट. वर एक मिमीचा हात धरला की आणखी १८. सांडलवंड धरून ग्रीनमागे एक ब्रास (१०० घनफूट) मागवा.

काळी_माती

वरच्या उत्तरातलं बरंचसं पटतं, पण बांधणी जुनी असेल तर नुसत्या होलो टाइनने पाणी फक्त ९ सेंटिमीटरपर्यंत लवकर उतरेल आणि मातीवर जाऊन बसेल. सांधा फोडायला २० सेंटिमीटर खोल सॉलिड टाइन लागतो, १२ मिमी जाड, १० सेंटिमीटर अंतरावर.

त्याची वेळ मात्र जपा. काळी माती ओली असताना सॉलिड टाइन घातला तर भोकाची भिंत लिंपली जाते, लोण्यात बोट घातल्यासारखी गुळगुळीत होते, आणि पाणी त्यातून बाजूला झिरपत नाही. खालून काढलेली माती हातात वळून बघा: सुतळीएवढी वळी न तुटता वळली तर थांबा, चुरा होऊ लागली की मारा. पुण्याकडे ही वेळ सहसा होलो टाइननंतर दहा-पंधरा दिवसांनी येते. भोकं वाळूने काठोकाठ भरा. अर्धवट भरलेलं भोक चिकणमाती फुगली की मिटतं.

खालची चौकट निचऱ्याची नाही, तेव्हा पाण्याला ग्रीनबाहेर वाटही हवी. सखल कोपऱ्यातून कॉलरबाहेर (ग्रीनभोवतीच्या गवताच्या पट्ट्याबाहेर) चर काढून सच्छिद्र पाइप घाला, उतार शंभराला एक. हे काम मेमध्ये करा, आत्ता नको.

चाळण

क्रशर वाळू नको. तिच्यात दगडाची भुकटी खूप असते आणि कण टोकदार असल्याने दाबले की घट्ट बसतात. समुद्राची वाळूही नको, मीठ आणि शिंपल्यांचा चुरा येतो. धुतलेली सिलिका वाळू घ्या. सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातून येते. ६० टक्क्यांहून जास्त कण पाव ते एक मिमीच्या दरम्यान हवेत, २ मिमीवरचे जवळजवळ नकोत. आधी ज्या जाडीची वाळू वापरली तिच्या जवळचीच घ्या. जाड वाळूवर बारीक वाळूचा थर बसला की पाणी तिथेच लटकतं.

ट्रक उतरवण्याआधी सरळ बाजूंच्या काचेच्या बरणीत ५ सेंटिमीटर वाळू, वर पाणी, जोरात हलवा आणि तासभर ठेवा. वाळूवर गाळाची चकती २-३ मिमीपेक्षा जाड दिसली तर माल परत पाठवा. वाळू कोरडी हवी. ओली वाळू भोकाच्या तोंडाशीच अडकते, खाली पोकळी राहते आणि नंतर ग्रीनवर खळगे पडतात. म्हणून आधी मागवून ताडपत्रीवर पसरून, उलटीपालटी करून वाळवा. भरताना काथ्याची जाड चटई ओढा. खराटा नको, कोवळे धावते फुटवे उचकटतात.

मुळाकाठ

गड्डे काढले. दोन ग्रीन्सवर काळी रेघ ४ सेंटिमीटरवर, तिसऱ्यावर सांध्याशी. म्हणजे तिसऱ्याला दोन्ही करतो. आणखी दोन गोष्टी: कडेला लव्हाळा आहे, आणि एका ग्रीनवर मैना सतत टोचत असतात, गवत हाताने ओढलं तर गालिच्यासारखं उचललं जातं.

टर्फवाला

मुळाशिवाय उचललं जातंय म्हणजे हुमणी. ३० सेंटिमीटरचा चौकोन तीन बाजूंनी कापून उलटा आणि खालच्या पाच सेंटिमीटरात इंग्रजी सी आकाराच्या पांढऱ्या अळ्या मोजा. साबणाच्या पाण्याने त्या वर येत नाहीत, त्याने लष्करी अळी आणि कटवर्म दिसतात. सप्टेंबरअखेरची अळी मोठी असते, औषधाला कमी दाद देते. तरी मेटारायझियम (अळीला मारणारी उपयोगी बुरशी) ओल असताना संध्याकाळी सोडा. खरा उपाय पहिल्या वळवानंतर, संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे गोळा करून मारण्याचा.

लव्हाळ्याला हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के, एकरी ३६ ग्रॅम. तो जोमात वाढत असतानाच फवारा आणि आधी-नंतर दोन दिवस कापणी नको. उपटू नका, गाठी खाली राहतात आणि एकाचे चार होतात. ग्रीनमध्ये शिरलेली साधी हराळी मात्र औषधाने जाणार नाही, कारण तिला मारणारं औषध टिफड्वार्फलाही मारतं. कप कटरने ठिगळ कापून काढा आणि नर्सरीतला गड्डा बसवा, पातळी शेजारच्या गवताएवढीच.

चाळण

वाळू टाकल्यावर पहिले चार-पाच दिवस चांगला रील मोवर (फिरत्या पात्यांचं गवत कापायचं यंत्र) ग्रीनवर नेऊ नका, जुना वापरा. वाळूने धार जाते आणि बेडनाइफवर (रीलखालच्या स्थिर पात्यावर) खाचा पडतात. चांगला मोवर तोवर बॅकलॅप करून घ्या: रील उलट फिरवून लॅपिंग कंपाउंड, मग पाण्याने स्वच्छ धुवा. नंतर पातळ कागदाची पट्टी रीलच्या पूर्ण लांबीत चार ठिकाणी कापून बघा. एका टोकाला कापते आणि दुसऱ्याला मुडपते तर बेडनाइफ समांतर नाही. बोथट पात्याने फाटलेली पानं दुसऱ्या दिवशी करड्या टोकांनी ओळखू येतात.

उंची ६ वरून दर आठवड्याला अर्ध्या मिमीने उतरवा, ४.५ च्या खाली नको. नोव्हेंबरच्या पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात अर्ध्या मिमीचा हलका वाळूचा हात द्या. स्प्रिंकलरची डोकी वाळूने खाली गेली असतील तर तेव्हाच उचलून पातळीत आणा, नाहीतर पाण्याची फेक गवताला अडून त्या कडेला कोरडा पट्टा पडेल.