भाचा टेक्सासवरून येऊन राहिला, शेतात चितळ अन् तलावावर बदकं, इथं शिकारीचं लायसन भेटते का?

कुहीरोड_शेतकरी

नमस्कार मंडळी. मी राहतो नागपुरात मानेवाडा साईडले पण शेती कुहीकडं आहे, साडेसहा एकर. एका अंगाला झुडपी जंगल अन् खालच्या अंगाला गावचा मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे जुना गावतलाव). यंदा अर्ध्यात हरभरा पेरला. मागच्या आठवड्यात पहाटे गेलो तर धुऱ्याजवळच्या पाच-सहा तासात (पेरलेल्या ओळीत) दवावर खुरांचे ठसे, दोन फाकांचे, लहान-मोठे सगळे, म्हणजे कळपच होता. हरभऱ्याचे शेंडे आपण भाजीसाठी खुडतो तेव्हा उलट फांद्या फुटतात, झाड भरते, पण यांनी पार बुडापर्यंत ओरबाडलं, नुसते दांडे राहिले. मन खचून जाते हो.

आता मुद्दा असा का माझा भाचा टेक्सासमध्ये आहे, नोकरीवर, चार वर्षं झाली. त्यानं परवा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, त्यानं मारलेला चितळ! ठिपके, शिंगं, सगळं आपलंच चितळ. मी म्हटलं हे तिकडं कुठून आलं, तर म्हणे मामा इथं बारा महिने मारता येते, अन् हिवाळ्यात सरकारी जमिनीवर बदकंही मारतो लायसन काढून. तो २० डिसेंबरला येऊन राहिला अन् त्याचं म्हणणं का इथलंही लायसन काढून ठेवा, सीझन कधी असते ते विचारून ठेवा.

मले खरंच माहीत नाही म्हणून विचारतो. असं लायसन आपल्याकडं भेटते का? झुडपी जंगल तर सरकारीच जागा आहे, तिथं वेगळा नियम आहे का? शेजाऱ्याजवळ छऱ्याची बंदूक आहे, तो म्हणते तिला लायसन लागत नाही त्यामुळं तलावावरची बदकं मारली तर चालते. अन् शेवटचं, माझा हरभरा गेला त्याचं काय करू?

सदर_वकील

दादा आधी भाच्याला फोन करून सांगा की लायसन हा प्रकारच इथे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, तो आला तेव्हा खरं तर लायसनं होती, मोठ्या शिकारीचं वेगळं, लहान शिकारीचं वेगळं, जिवंत पकडायचं वेगळं. १९९१ च्या दुरुस्तीने ती सगळी कलमं काढून टाकली. तेव्हापासून कलम ९ सरळ सांगतं की अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीतल्या, वन्यप्राण्याची शिकार करायची नाही. सीझन नाही, कोटा नाही, फी भरून परवानगी नाही.

आणि "शिकार" म्हणजे फक्त गोळी घालून मारणं असं समजू नका, ही चूक माझ्याकडे आलेल्या कितीतरी लोकांनी केलेली आहे. फासा लावणं, विष टाकणं, हाकारा करणं, आमिष ठेवणं, पक्ष्यांची अंडी फोडणं किंवा घरटं उधळणं, हे सगळं व्याख्येत आहे, आणि यातलं काहीही करायचा नुसता प्रयत्न केला तरी ती शिकारच. म्हणजे नेम चुकला, प्राणी पळून गेला, तरी केस होते.

झुडपी जंगलाचं विचारलंत. जागा कोणाची याच्याशी या बंदीचं देणंघेणं नाही. तुमच्या स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या शेतात चितळ उभं असलं तरी तेच कलम लागतं. शिवाय झुडपी जंगलाचा घोळ वर्षानुवर्षं चालू होता त्यावर मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की ती वनजमीनच आहे.

शिक्षा ऐकून ठेवा. साधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. काळवीटासारखा अनुसूची एकमधला प्राणी असेल किंवा अभयारण्यात शिकार झाली असेल तर कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७, आणि दंड किमान २५ हजार. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य तुमच्यापासून फार लांब नाही, तेव्हा हद्द कुठे लागते ते लक्षात असू द्या. बंदूक, गाडी, टॉर्च, जे वापरलं ते सगळं जप्त. परदेशात नोकरी करणाऱ्या पोरावर असा गुन्हा दाखल झाला तर पासपोर्ट-व्हिसाचं पुढे काय होतं याचा विचार त्याच्या आईला करायला लावू नका.

छऱ्याच्या बंदुकीबद्दल शेजारी अर्धंच बरोबर सांगतो. पॉइंट १७७ इंच नळीची कमी ताकदीची एअरगन विकत घ्यायला आणि घरी ठेवायला लायसन लागत नाही हे खरं. पण तिने बदक मारलं तर तो वन्यजीव कायद्याचाच गुन्हा. तसंच काही शेतकऱ्यांकडे पीक संरक्षणाच्या बंदुकीचं लायसन असतं, ते हत्यार बाळगायचं आहे, जनावर मारायचं नाही.

एक वाट कायद्यात आहे ती सांगतो, कलम ११. प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झाला तर वनखातं लेखी परवानगी देऊ शकतं. आपल्याकडे हे रोही (नीलगाय) आणि रानडुकरासाठी वापरलं जातं, अर्ज आरएफओकडे, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे, करायचा. चितळासाठी त्या वाटेने जाऊ नका. आणि परवानगीने मारलेलं जनावरही सरकारची मालमत्ता, त्याचं मटण घरी नेता येत नाही.

ह्यूस्टन_वर्धेकर

मी मूळचा वर्ध्याचा, टेक्सासमध्ये १४ वर्षं, दरवर्षी बदकांच्या सीझनला जातो, म्हणून भाच्याची बाजू पण सांगतो कारण त्यानं काही खोटं सांगितलेलं नाही, पण अर्धं सांगितलं.

चितळ इथं आणून सोडलं १९३२ मध्ये. याला ॲक्सिस डियर म्हणतात, बाहेरून आलेला प्राणी म्हणून राज्याच्या शिकारीच्या प्राण्यांच्या यादीत नाही, त्यामुळं त्याला सीझन नाही, किती मारायचे याची मर्यादा नाही. रोही आणि काळवीटही आहेत इथं, तसेच आणलेले. पण तरीही शिकारीचं लायसन लागतं, अन् जमीन मालकाची परवानगी लागते, अन् टेक्सासमध्ये ९५ टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे, म्हणजे तो चितळ बहुतेक कोणाच्या तरी रांचवर पैसे मोजून मारलेला असणार. इथल्या मूळच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला मात्र ठरलेला सीझन, लायसनबरोबर मोजके टॅग, मारलं की लगेच टॅग लावायचा, तारीख लिहायची.

सरकारी जमिनीचं म्हणाल तर त्यासाठी वर्षाचा वेगळा ४८ डॉलरचा परवाना घ्यावा लागतो. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार शिक्षणाचा कोर्स करावा लागतो. भाचा व्हिसावर असेल तर लायसनचं आणखी एक काम आहे, इमिग्रंट नसलेल्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला एरवी मनाई आहे, शिकारीचं चालू लायसन असेल तर सूट मिळते.

बदकांचे नियम तर याहून कडक कारण ते पक्षी कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत फिरतात, एका राज्याचे नाहीत, म्हणून १९१८ चा केंद्राचा कायदा लागतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तापर्यंतच, बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं बसतील असा अडसर घालायचा, माणशी दिवसाला सहा बदकं अन् त्यातही जातीप्रमाणे वेगळी मर्यादा. म्हणजे अंधुक उजेडात उडणारं बदक ओळखता आलं पाहिजे, नर का मादी तेही. घरी नेताना डोकं नाहीतर एक पंख पिसांसकट अंगालाच ठेवायचा, वॉर्डननं रस्त्यात थांबवलं तर जात कळली पाहिजे म्हणून. शिशाचे छरे १९९१ पासून देशभर बंद, कारण बदकं चिखलातून खडे गिळतात तसे ते छरे गिळायची अन् विषबाधेनं मरायची, अन् ती खाऊन गरुड मरायचे. आता पोलादी छरे वापरतो.

आणि १६ वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला २५ डॉलरचा डक स्टॅम्प घ्यावा लागतो. १९३४ पासून चालू आहे. त्यातले डॉलरमागं ९८ सेंट पाणथळ जागा विकत घ्यायला अन् राखायला जातात. आम्ही जिथं बदकं मारतो तो दलदलीचा पट्टा याच पैशानं राखलेला आहे, पहाटे चार वाजता त्या पाण्यात उभं राहताना मला हे आठवतं अन् मी स्टॅम्प कधी चुकवत नाही. भाच्याला म्हणा हा सगळा हिशोब तिथं आहे म्हणून ती शिकार चालते. तुमच्या मामा तलावावर किती अडई बदकं उतरली अन् किती परत गेली याची अशी मोजणी करून कोटा ठरवणारं कोणी नाही, मग "दोनच मारतो" म्हणायचं कशाच्या जोरावर? मी नागपूरला येतो तेव्हा बंदुकीचं नाव घेत नाही, दुर्बीण आणतो.

पहाटे_तलावावर

छऱ्याच्या बंदुकीचं वाचलं अन् राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी दर रविवारी तलावांवर पक्षी बघायला जाते, अंबाझरी, गोरेवाडा, पारडगाव, हिवाळ्यात तर सुट्टीचा दिवस घरी काढतच नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच एका गावतलावाच्या काठाला बेशरमच्या झुडपात एक हळदी-कुंकू बदक सापडलं, चोचीचं टोक पिवळं, कपाळाजवळ ते दोन लाल ठिपके, डोळे उघडे, एक पंख लोंबत होता. ओढणीत गुंडाळून नागपूरला आणलं. पिसं बाजूला केली तर भोक एवढंसं, मुगाच्या दाण्याएवढं, बाहेरून रक्तसुद्धा नव्हतं, पण आत हाडाचा चुरा झालेला. डॉक्टर म्हणाले हे आता उडणार नाही. तिसऱ्या दिवशी गेलं. छऱ्याने बदक जागेवर मरत नाही काका, ते पाणवनस्पतीत जाऊन लपतं अन् चार दिवसांनी मरतं, अन् मारणाऱ्याला वाटतं नेम चुकला.

तुमच्या तलावावर डिसेंबरात कोण कोण असतं ते एकदा पहाटे जाऊन बघा ना. अडई आणि हळदी-कुंकू इथलीच, पण चक्रवाक, तलवार बदक, लालसरी हे लांबून येतात. पट्टकादंब दिसला तर तुमचं नशीब, डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, तो हिमालय ओलांडून आलेला असतो, अक्षरशः. मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांना विचारा, कोणत्या कोपऱ्यात कोण बसतं ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. भाचा येईल तेव्हा मी पक्षी बघायचा स्कोप घेऊन येते, खरंच सांगते, मेसेज करा.

भिवापूर_मिरची

भाऊ बाकीच्यांनी कायदा सांगितला, मी तुमच्यासारखाच शेतकरी आहो म्हणून हरभऱ्याचं बोलतो.

पहिली गोष्ट हात जोडून सांगतो, रागाच्या भरात कुंपणाला लाईनचा करंट सोडू नका. आमच्याकडं लय लोकं सोडतात, कोणी कबूल करत नाही. २०१७ मध्ये नागभीडकडं श्रीनिवास वाघ, आपल्या उमरेडच्या जय वाघाचा पोरगा, असाच शेतातल्या तारेनं गेला. तार चितळ-डुकरासाठी होती. अन् वाघ तर वाघ, रात्री पाणी द्यायला निघालेला माणूस चिकटून मेल्याच्या बातम्या दरसाल येतात. झटका मशीन वेगळी, ती बॅटरीवर सोलरवर चालते, क्षणभर झटका देते अन् सोडून देते, जनावर मागं फिरते, मरत नाही. लाईनचा करंट सोडत नाही, धरूनच ठेवते, फरक एवढाच आहे. झटक्याच्या कुंपणाला वनखात्याच्या जन-वन विकास योजनेतून अनुदान असते, तुमचं गाव त्यात बसते का ते वनपालाला विचारा.

दुसरं, नुकसानभरपाई. चितळाचं नुकसान त्यात बसते, फक्त रानडुकराचंच असते असं नाही. पण लोकं आठ दिवस रडत बसतात अन् मग जातात. तुम्ही त्याच दिवशी कळवा, १९२६ वर हॅलो फॉरेस्टला फोन लावा अन् वनरक्षकालाही सांगा, अर्ज द्या अन् पोच घ्या. ठशांचे फोटो काढा, बाजूला चप्पल ठेवून म्हणजे साईज कळते. लेंड्यांचे पण काढा. पंचनामा होईस्तोवर वखर फिरवू नका, नवीन पेरा करू नका, मी एका वर्षी घाईत फिरवलं अन् पंचनाम्याले आलेले साहेब म्हणाले इथं पीक होतं याचा पुरावा काय, गेले माझे पैसे. भेटते ती रक्कम खर्चालेही पुरत नाही हे मी मान्य करतो अन् याच्यावर भांडलं पाह्यजे, ग्रामसभेत ठराव घेऊन भांडा. पण कागदावर नुकसान दिसलंच नाही तर भांडाल कशाच्या भरवशावर?

कुहीरोड_शेतकरी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल शेतात गेलो, चप्पल ठेवून फोटो काढले, अठरा निघाले. १९२६ ले फोन लावला, वनरक्षकाचा उलटा फोन आला, सोमवारी पंचनामा आहे. तोपर्यंत त्या तासाले हात लावत नाही.

शेजाऱ्याले वकील साहेबांचा मेसेज जसाच्या तसा वाचून दाखवला. आधी चिडला, मग बंदूक घरात नेऊन ठेवली. अन् हळदी-कुंकूचं वाचलं तेव्हा माझ्या बायकोनं विचारलं का आपल्या तलावावर आहेत का ती. मी वीस वर्षं त्या तलावाच्या पाळीवरून जातो, पण चोचीकडं कधी पाह्यलं नाही. आज सकाळी थांबून पाह्यलं, सात होती.

भाच्याशी रात्री बोललो. थोडा हिरमुसला, पण डक स्टॅम्पचं विचारलं तर म्हणे हो मामा, तो तर घ्यावाच लागते. ताई, २२ तारखेला रविवार नाही, पण तुम्हाले जमत असेल तर पहाटे साडेपाचले कुही फाट्यावर या, तिथून मी गाडीनं घेऊन जातो. तो तिकडून दुर्बीण आणून राहिला.

पहाटे_तलावावर

जमेल काका, त्या दिवशी रजा टाकते. अंगावर भडक कपडे नको, अन् पाळीवर चढताना सूर्य पाठीमागे राहील अशा बाजूने जाऊ. सातांचा फोटो असेल तर टाका.