मदत हवी आहे: नात दुखरा पाय लपवून स्केटिंग करतेय, निवड चाचणी अकरा दिवसांवर

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा. अजनीच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये उभी नोकरी झाली, आता निवृत्त आहे. प्रश्न नातीचा आहे आणि घाईचा आहे. जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

नात १५ वर्षांची. आर्टिस्टिक स्केटिंग करते. म्हणजे फिगर स्केटिंगच, पण बर्फावरचं नाही, चार चाकांच्या स्केटवरचं. सॅल्को, लुट्झ, ॲक्सल, उड्या त्याच. फक्त खाली सिमेंट. सात वर्षं झाली. पहाटे सव्वापाचला मीच तिला स्कूटरवर रिंकवर नेतो, कारण तिचे आईबाबा दोघंही नोकरीवाले. त्यामुळे मला जे दिसतं ते त्यांना दिसत नाही.

उजवं पाऊल दुखतं. घोट्याच्या जरा पुढे, पावलाच्या वरच्या बाजूला, बुटाची लेस जिथे आवळली जाते तिथे. ती डावीकडून फिरते, त्यामुळे प्रत्येक उडी उजव्याच पायावर उतरते. दिवाळीआधी एकदा दाखवलं होतं. एक्स-रे काढला, हाड ठीक आहे, मुरगळलं असेल, दोन आठवडे उड्या बंद असं सांगितलं. तिनं चार दिवस बंद ठेवल्या. घरी सगळ्यांना वाटतं बरं झालं.

बरं झालेलं नाही. रिंकवरून परतताना तर्री-पोहे खायचे हा आमचा सात वर्षांचा नेम. आधी गाडी पुरती थांबायच्या आत ती टपरीपाशी पोचलेली असायची. आता स्कूटरवरून उतरतच नाही. "आबाजी, इथंच आणा न," म्हणते. जिना कठडा धरून आडवी उतरते. थंडी सुरू झाली तरी फ्रीजमधले बर्फाचे ट्रे रिकामे. परवा बाथरूममध्ये बादलीत पाय बुडवून बसलेली सापडली. मला पाहून पहिलं वाक्य काय, तर "दुखून नाही राहिलं, आबाजी." आणि मग रडायलाच लागली. घरी सांगणार नाही असं वचन घेतलं माझ्याकडून. तिचं रडणं पाहवेना, म्हणून मी दिलं. तेव्हापासून मला झोप नाही.

अकरा दिवसांनी राज्य संघाची निवड चाचणी आहे. सरांना तिनं "थोडं आखडलंय" एवढंच सांगितलंय. रिंकवर येणाऱ्या एका गृहस्थांनी तिला परस्पर सुचवलं, की चाचणीच्या सकाळी दुखणं थांबवणारी एक सुई मारून घेऊ, काही मिनिटांचा तर प्रश्न आहे. त्यांचं नाव लिहीत नाही. पण १५ वर्षांच्या पोरीला असं कोणी सांगू शकतं, यानं माझा जीव घाबरा झाला.

तिच्याशी बोलायला गेलं की ती युझुरू हान्यूकडे बोट दाखवते. भिंतीवर त्याचा फोटो आहे. जपानच्या सेंदाईचा, बर्फावरचा फिगर स्केटर, २०१४ आणि २०१८ चं ऑलिम्पिक सुवर्ण. त्याचं सगळं मी तिच्यासोबत बसून पाहिलंय. नोव्हेंबर २०१४ मध्ये शांघायला सरावात तो चीनच्या हान यानवर धडकला, बर्फावर पडून राहिला, आणि थोड्या वेळानं डोक्याला पट्टी बांधून उतरला. पाच वेळा पडला, तरी दुसरा आला. २०२२ मध्ये बीजिंगला तर फ्री स्केटच्या, म्हणजे दुसऱ्या मोठ्या फेरीच्या, आदल्या दिवशी उजवा घोटा पुन्हा दुखावला, वेदनाशामक इंजेक्शन घेऊन त्यानं साडेचार फेऱ्यांचा ॲक्सल मारला. पडला, पण स्पर्धेत त्या उडीची नोंद झाली ती पहिल्यांदाच. "तो थांबला का, आबाजी?" असं ती विचारते आणि मी गप्प होतो.

नंतर मी एकट्यानं बसून सगळी वर्षं पुन्हा चाळली. तो थांबला होता! नोव्हेंबर २०१७ मध्ये ओसाकाला सरावात पडून उजव्या घोट्याचे लिगामेंट दुखावले, तेव्हा ती स्पर्धा सोडली, त्यामुळे ग्रां प्री फायनल हुकली, जपानची राष्ट्रीय स्पर्धाही सोडली. तीन महिने कुठेच उतरला नाही. एकदम फेब्रुवारीत प्योंगचांगला उतरला आणि सुवर्ण घेतलं. २०१८ च्या नोव्हेंबरात मॉस्कोला पाय दुखावल्यावरही स्पर्धा पुरी केली, जिंकली, पण पदक घ्यायला कुबड्यांवर आला. त्यानंतरच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा सोडल्या. रशियाच्या मेदवेदेवा या स्केटरचं तर नातीच्या दुखण्याच्या अगदी जवळचं. २०१७ मध्ये उजव्या पावलाच्या हाडाला चीर. तिनंही फायनल आणि राष्ट्रीय स्पर्धा सोडल्या आणि दोन-अडीच महिन्यांनी ऑलिम्पिकचं रौप्य घेतलं. हे तुकडे नातीच्या मोबाईलवर येत नाहीत. तिथे पट्टी बांधलेलं डोकंच फिरत असतं.

आणि त्या धडकेच्या वेळी हान्यू १९ वर्षांचा होता, ऑलिम्पिक विजेता होता. तरी शांघायला त्याला उतरू द्यायला नको होतं असं मला आजही वाटतं. डोक्याला मार लागलेल्या पोराला आपण सायकलवरही बसू देत नाही.

एक्स-रे साफ आहे यावरही माझं मन बसत नाही. शेडमध्ये आम्ही चाकाचा ॲक्सल नुसता डोळ्यांनी पाहून कधी पास केला नाही. वरून चकचकीत, आत केसाएवढी चीर. अल्ट्रासोनिक लावल्यावरच कळायचं. योगायोग बघा, तिच्या आवडत्या उडीचं नावही ॲक्सल.

तर विचारायचं हे. एक्स-रेमध्ये न दिसणारी चीर असू शकते का आणि कोणती तपासणी करावी? नागपुरात कुठे जावं? आणि सगळ्यात अवघड: वचन दिलंय, ते मोडून तिच्या आईला सांगू का? सात वर्षांत तिनं माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. उद्यापासून लपवायला लागली तर तिच्याकडे बघणारं कोणीच उरणार नाही.

प्रतिसाद (अमरावतीहून)

काका, आजच सांगा. मी खो-खो खेळायचे, गुडघा लपवला, आईला कळलं तेव्हा उशीर झाला होता. पण तिच्या पाठीमागे सांगू नका. आधी तिला सांगा की मी सांगणार आहे, मग तिच्यासमोरच सांगा.

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट, पुणे)

आजोबा, न तपासता निदान करता येत नाही, पण तुम्ही सांगितलेली जागा ऐकून मी काळजीत आहे. पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्यापुढे नॅव्हिक्युलर नावाचं लहान हाड असतं. उड्या मारणाऱ्या आणि धावणाऱ्या खेळाडूंमध्ये त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर होतं. एका फटक्यानं नाही, हजारो वेळा उतरून. त्या हाडाच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी, म्हणून ते भरायला वेळ घेतं आणि दुर्लक्ष केलं तर पूर्ण तुटून ऑपरेशनपर्यंत जातं. सुरुवातीला एक्स-रेत हे बहुतेक वेळा दिसतच नाही. एमआरआय लागतो. तुमचं ॲक्सलचं उदाहरण अगदी बरोबर आहे.

एमआरआय होईपर्यंत उडी नाही, पळणं नाही, शक्यतो त्या पायावर भारही नाही. चीर निघाली तर साधारण सहा ते आठ आठवडे प्लास्टर, पाय टेकायचा नाही, असा उपचार असतो. सुईचं नावही काढू देऊ नका. दुखणं बंद झालं की पायाला सांभाळायचं भानच जातं, आणि चीर तिथेच असते.

अजून एक, आणि हे तिच्या आईनं विचारायचं आहे: पाळी नियमित येते का? वजन कमी राहावं म्हणून जेवण टाळते का? या वयात खाणं खेळाला पुरत नसेल तर हाडं कमजोर होतात आणि पाळी चुकणं ही त्याची पहिली खूण असू शकते. ड जीवनसत्त्वही तपासा. डॉक्टरांना "स्केटिंग करते, उड्या मारते, उजव्याच पायावर उतरते" हे पहिल्या वाक्यात सांगा. नुसतं "पाय दुखतो" म्हटलं की पुन्हा मुरगळ्यावरच थांबेल.

प्रतिसाद (नागपूर)

मिहानच्या एम्समध्ये ऑर्थोपेडिक्सची ओपीडी आहे, मेडिकल कॉलेजला पण आहे. सकाळी लवकर जा, जुना एक्स-रे न्या. धंतोली-रामदासपेठेत खासगी आहेतच, पण खेळाडूंच्या दुखापती नेहमी पाहणारे डॉक्टर आहेत का हे फोनवर विचारून मगच जा.

धागाकर्त्याकडून, सहा दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. अमरावतीच्या ताईंनी सांगितलं तसंच केलं. सकाळी रिंककडे न वळता फुटाळा तलावावर गाडी थांबवली आणि म्हटलं, बेटा, आज संध्याकाळी मी तुझ्या आईला सांगणार आहे, तू माझ्या बाजूला बस. ती पाण्याकडे बघत बसली, बोलली नाही. संध्याकाळी मात्र मी तोंड उघडायच्या आत तिनं स्वतःच मोजा काढून पाय पुढे केला.

एमआरआयमध्ये नॅव्हिक्युलरलाच चीर निघाली. आरपार नाही, वरच्या बाजूनं अर्ध्यापर्यंत. डॉक्टर म्हणाले, उड्या चालू राहिल्या असत्या तर स्क्रू टाकायची वेळ आली असती. आता सहा आठवडे प्लास्टर, मग पुन्हा तपासणी. पुण्याच्या मॅडमनी सांगितलेलं तिच्या आईनं विचारलं. चार महिने पाळी नव्हती आणि आम्हाला कोणालाच पत्ता नाही. रात्रीची पोळी ती कुत्र्याला घालत होती. त्यावरही उपचार सुरू झालेत. सर घरी येऊन गेले, त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्या सुईवाल्या गृहस्थांशी तिच्या वडिलांनी बोलून घेतलं.

माझ्याशी दोन दिवस अबोला होता. काल रात्री हाक मारली आणि म्हणाली, तो मॉस्कोचा कुबड्यांचा व्हिडिओ लावा. दोनदा पाहिला.

आता एक लहानसं विचारायचं राहिलं. तिची उंची चार फूट दहा इंच, दुकानातल्या कुबड्या काखेत टोचतात. कोपरापर्यंत येणाऱ्या, उंची कमी-जास्त करता येणाऱ्या कुबड्या नागपुरात भाड्यानं कुठे मिळतील? शाळेत तिचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि सोमवारपासून जायचं म्हणते.