फोनमधल्या नव्या नकाशाने आईबाबांना रात्री अकराला जेट्टीवर नेऊन उभं केलं. कुठलं अ‍ॅप टाकून देऊ?

लाल_माती

मंडळी, सल्ला हवाय. जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून.

बाबांना (वय ६९) दिवाळीत नवीन फोन घेतला. अँड्रॉइडच आहे, पण त्यात कंपनीने स्वतःचा नकाशा आधीच भरून दिलाय आणि सगळीकडे तोच उघडतो, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी लोकेशन पाठवलं तरी तोच, गाडीच्या स्क्रीनला फोन जोडला तरी तोच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर इथे ब्रँडवरून वाद सुरू होतात आणि मूळ प्रश्न राहून जातो.

मागच्या महिन्यात दोघं हर्णैला एका लग्नाला गेले होते आणि तिथून रात्रीच आमच्या गावी, गुहागरच्या पुढे, जायला निघाले. निघायला साडेनऊ झाले. नकाशाने रस्ता दाखवला दाभोळवरून, वेळ सव्वादोन तास. आता बाबांना लहानपणापासून माहितीये की दाभोळ आणि धोपावे ह्यांच्यामध्ये वाशिष्ठीची खाडी आहे, पण चाळीस वर्षं पुण्यात काढली, गावाला जायचं ते चिपळूणवरूनच, आणि हल्ली कोकणात इतके पूल बांधतायत की त्यांना वाटलं फोन सरळ जा म्हणतोय म्हणजे झाला असेल पूल. अकरा वाजता पोचले तर समोर जेट्टी, अंधार, शेवटची फेरीबोट कधीच गेलेली, आणि फोन आपला सांगतोय सरळ पुढे जा. उतार होता हो तिथे. बाबांनी वेळेत ब्रेक लावला म्हणून. आईला बीपीचा त्रास आहे, ती थरथरत होती. मग उलटं दापोलीला येऊन एक लॉज उघडायला लावला आणि सकाळी खेड-चिपळूण असा वळसा घालून गेले कारण आई बोटीत गाडी चढवायला तयारच होईना.

मी नंतर तो रस्ता पुन्हा टाकून बघितला. खाडीवर एक बारीक तुटक रेघ आहे, बास. फेरी आहे असं कुठेही ठळक लिहिलेलं नाही, वेळ नाही, सूचना नाही.

बाकीच्या तक्रारी पण आहेत. आमची वाडी शोधली तर सापडत नाही, नुसतं गाव टाकलं तर दुसऱ्याच जिल्ह्यातलं त्याच नावाचं गाव पहिलं येतं. देवनागरीत टाइप केलं तर काहीच येत नाही. पुण्यात चांदणी चौकात कुठल्या रॅम्पने जायचं ते सांगायला इतका उशीर करतो की तोवर गाडी पुढे गेलेली असते.

तर विचारायचं हे की बाबांना झेपेल असं, मराठी नावं दिसतील असं, कोकणात रेंज नसताना चालेल असं काय आहे? आणि हा नवीन नकाशा काढता येतो का कायमचा? अनइन्स्टॉलचं बटणच नाहीये.

---

पेठेतला

गूगल मॅप्स टाका, विषय संपला.

---

घाटवाट

ताई, वाचून अंगावर काटा आला, आईबाबा सुखरूप आहेत हे महत्त्वाचं.

पेठेतला म्हणतात तसं गूगल टाकाच, पण तेवढ्याने हा प्रश्न सुटणार नाही, कारण फेरीचा रस्ता गूगलपण दाखवतो. आधी एक सेटिंग करा. रस्ता शोधल्यावर वर तीन ठिपके असतात, त्यात ऑप्शन्समध्ये ‘फेरी टाळा’ असं असतं, ते चालू करून ठेवा. टोल टाळा, हायवे टाळा ह्याच्या शेजारीच आहे. लोक टोलचं बघतात आणि फेरीचं कोणी बघत नाही कारण पुणे-मुंबईच्या माणसाला फेरी हा रस्ता असतो हेच लक्षात येत नाही. कोकण किनाऱ्यावर मात्र दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला, दिघी-आगरदांडा अशा कितीतरी ठिकाणी गाड्या बोटीतून जातात, आणि नकाशाच्या हिशोबात तो रस्त्याचाच एक तुकडा असतो. तुकड्याला वेळापत्रक जोडलेलं नसेल तर तो चोवीस तास उघडा असं धरून चालतो. रात्री अकराला पण.

आणि फक्त गूगलवर पण डोळे झाकून जाऊ नका. मी पावसाळ्यात भोरवरून महाडला निघालो होतो, फोनने वरंधा घाट दाखवला, आणि वर जाऊन बघतो तर बॅरिकेड. गेल्या काही पावसाळ्यांत जिल्हा प्रशासन आदेश काढून तो घाट बंद ठेवतं, पेपरात येतं, पण फोनमध्ये यायला वेळ लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये जायचं असेल तर ताम्हिणीने जायचं की कुंभार्लीने, हे आदल्या दिवशी कोणालातरी फोन करूनच ठरवा.

---

लाल_माती

फेरी टाळा आत्ताच बघितलं, आहे खरंच. ह्या नवीन नकाशात मात्र हे सेटिंग कुठेच सापडत नाहीये, टोलचं आहे फक्त.

---

खाडीपलीकडे

मी धोपाव्याच्या बाजूचा. ताई, हे तुमच्याच बाबतीत झालेलं नाही, रात्री उशिरा जेट्टीवर परक्या पासिंगच्या गाड्या येऊन थांबलेल्या आम्ही नेहमी बघतो, शनिवार-रविवार तर हमखास. कधी कधी आमच्यातलंच कोणीतरी जाऊन सांगतं की आता बोट नाही, परत फिरा.

फेरी वाईट नाहीये पण. गाडी सरळ रिव्हर्स न घेता चढते-उतरते, पाण्यातून थोडकाच वेळ जायचं असतं आणि चिपळूणवरून शंभराच्या वर किलोमीटरचा वळसा वाचतो. आईंना दिवसाउजेडी एकदा नुसतं चालत घेऊन जा बोटीवर, भीती जाईल. फक्त वेळा सीझनप्रमाणे बदलतात आणि वादळी हवा असली की बंद असते, त्यामुळे निघताना जेट्टीच्या नंबरवर फोन करायचाच, नंबर तिकिटावर छापलेला असतो, फोटो काढून ठेवा.

वाडीचं म्हणाल तर आमच्याकडे पत्ता म्हणजे वाडीचं नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, आणि शाळेच्या मागे किंवा सहाणेच्या पुढे. हे कुठल्याच कंपनीच्या नकाशात बसत नाही. आम्ही पाहुण्यांना पिनच पाठवतो, नाव टाइप करायला लावत नाही.

---

दूरदेशी

बे एरियातून. हा प्रकार नवा नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये अ‍ॅपलने आयओएस ६ बरोबर गूगलचा नकाशा काढून स्वतःचा बसवला होता तेव्हा जगभर ओरड झाली होती, नऊच दिवसांत टिम कुक ह्यांनी जाहीर माफी मागितली आणि आमचा नकाशा सुधारेपर्यंत दुसऱ्या कंपन्यांचे वापरा असं सांगून त्यांची नावंही दिली. डिसेंबरात ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी लोकांना सावध केलं, कारण मिल्डुरा नावाचं शहर त्या नकाशात खऱ्या जागेपासून साधारण ७० किलोमीटर लांब एका राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध दाखवत होतं. लोक खरंच तिथे जाऊन अडकले, पाणी नाही, आणि उन्हाळ्यात पारा ४६ पर्यंत जातो. त्याच डिसेंबरात गूगल मॅप्स आयफोनवर परत आलं.

ह्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की शहराचं नाव आणि त्या शहराच्या नावाने चालणाऱ्या मोठ्या प्रशासकीय हद्दीचं नाव सारखंच होतं, आणि हद्दीचा मध्यबिंदू जंगलात पडत होता. लाल_माती, तुम्ही नुसतं गुहागर टाकलं तर तो गावात नेतो की तालुक्याच्या मधे कुठेतरी, हे बघा एकदा.

---

लाल_माती

बघितलं!! नवीन नकाशात नुसतं ‘गुहागर’ टाकलं तर पिन समुद्रापासून चांगलीच आत, डोंगरात पडतेय. गूगलवर बरोबर बाजारपेठेजवळ. म्हणजे तुम्ही म्हणताय तेच झालंय बहुतेक.

---

नकाशावेडा

उशिरा येतोय पण हा विषय जिव्हाळ्याचा.

सारख्या नावांचं दुखणं आपल्याकडे तर फारच आहे. वडगाव, पिंपळगाव, आंबेगाव किती आहेत मोजा. पुण्यातच आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द शेजारी शेजारी, वर जिल्ह्यात आंबेगाव तालुका वेगळाच. बुद्रुक-खुर्द ही नावं माणसाने गोंधळ टाळायला ठेवली आणि नकाशा बनवणारे नेमकं तेच ‘बु.’ आणि ‘खु.’ गाळून टाकतात. त्यात आता छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं बदललीत, काही नकाशांत जुनी आहेत काहींत नवी, त्यामुळे दोन्ही टाकून बघायची सवय ठेवा.

आता अ‍ॅपचं. रेंज नसताना चालायला हवं असेल तर ऑरगॅनिक मॅप्स. फुकट, जाहिरात नाही, तुम्ही कुठे गेलात ह्याची नोंद ठेवत नाही, महाराष्ट्राचा नकाशा एकदा घरच्या वायफायवर उतरवून घेतला की इंटरनेट लागतच नाही. ह्यातही फेरी टाळायची सोय आहे. दुसरं ऑस्मअँड, त्यात सोयी खूप आहेत आणि नकाशावरची नावं कुठल्या भाषेत दिसावीत ते मराठी असं ठरवता येतं, पण बटणं इतकी आहेत की ६९ वर्षांच्या माणसाला मी देणार नाही, तुम्ही स्वतःसाठी ठेवा. गूगलमध्येही कोकणाचा भाग ऑफलाइन उतरवता येतो, तो फक्त मधूनमधून अपडेट करावा लागतो. आपल्याकडचं मॅपल्स पण चांगलं आहे, मोठ्या जंक्शनला चित्र काढून दाखवतं, तुमच्या चांदणी चौकाला उपयोगी पडेल. तिथला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात पाडला आणि नवं काम २०२३ च्या ऑगस्टमध्ये वाहतुकीला खुलं झालं, इतके रॅम्प आहेत की जुना डेटा असेल तर कुठलाही नकाशा गांगरतो.

ऑरगॅनिक आणि ऑस्मअँड दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात, २००४ पासून लोकांनीच भरलेला नकाशा आहे तो. म्हणजे तुमची वाडी त्यात नसेल तर तुम्ही स्वतः घालू शकता. खातं उघडा, जागेवर ठिपका ठेवा, वस्ती असा प्रकार निवडा, नाव मराठीत लिहा. गूगलवरून बघून उतरवायचं नाही, ते नियमात बसत नाही, आपल्याला जे स्वतःला माहितीये तेच घालायचं. फेरीच्या रेघेला सुद्धा वेळा जोडता येतात, खाडीपलीकडे तुम्ही हे करा ना, तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार?

---

खाडीपलीकडे

करतो. सीझनच्या आणि पावसाळ्याच्या वेगळ्या टाकता येतात का?

---

नकाशावेडा

येतात, महिन्यांप्रमाणे लिहिता येतात. व्यनि (खासगी निरोप) करा, कसं लिहायचं ते सांगतो.

---

पेठेतला

मी एका ओळीत उरकलं त्याबद्दल सॉरी, पूर्ण वाचलं नव्हतं. पण एक सांगतो, वयस्कर माणसाला चार अ‍ॅप देऊ नका, गडबडीत चुकीचं उघडतात. एकच ठेवा समोर.

---

घाटवाट

पेठेतला +१. आणि कुठलंही अ‍ॅप असलं तरी रात्री अनोळखी रस्त्यावर पाणी दिसलं की उतरून बघायचं, हे घरात सगळ्यांना सांगा. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ नकाशा बघत निघालेली गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि त्यात एकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून गाडी खाली पडून तिघं गेले. गावातल्या माणसाला ठाऊक होतं, फोनला नव्हतं.

कंपनीने आधीच भरलेला नकाशा काढायचं: अनइन्स्टॉल होत नसेल तर आयकॉन दाबून धरा, अ‍ॅप इन्फोमध्ये जा, ‘डिसेबल’ असेल तर ते दाबा. तेही नसेल तर तिथेच ‘ओपन बाय डिफॉल्ट’ मध्ये जाऊन सगळं क्लिअर करा. मग पुढच्या वेळी लोकेशनवर दाबलं की फोन विचारेल कशात उघडू, तेव्हा गूगल निवडून ‘नेहमी’ दाबायचं. फोनचं मोठं अपडेट आलं की पुन्हा तपासा.

---

लाल_माती

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस बसून सगळं केलं.

डिसेबल झालं! व्हॉट्सअ‍ॅपचं लोकेशन आता गूगलमध्ये उघडतं, बाबांनी स्वतः चार वेळा दाबून बघितलं. भाषा मराठी केली, फेरी टाळा चालू केलं, कोकण उतरवून ठेवलं. ऑरगॅनिक मॅप्स माझ्या फोनमध्ये ठेवलंय, बाबांच्या नाही, पेठेतल्यांचं पटलं.

वाडी पण घातली ओपनस्ट्रीटमॅपवर. बाबा शेजारी बसले होते, म्हणाले विहीर इथे, देऊळ इथे, आणि पलीकडच्या वाडीचं नाव पण टाक, तिकडचे लोक पण शोधत असतील. तर एकाच्या चार वाड्या झाल्या. वेबसाइटवर लगेच दिसल्या पण ऑरगॅनिकमध्ये अजून नाही, काही चुकलं का?

---

नकाशावेडा

काही चुकलं नाही. अ‍ॅपमधला नकाशा ठरावीक दिवसांनी नव्याने बनतो, पुढचं अपडेट आलं की उतरवून घ्या, दिसतील. चारही वाड्या मी बघितल्या, बरोबर टाकल्यात. फक्त एकीच्या नावात शेवटी स्पेस राहिलीये, ती काढा.

---

खाडीपलीकडे

फेरीच्या वेळा टाकल्या काल. जेट्टीवर जाऊन बोर्ड बघून टाकल्यात. पावसाळ्याच्या जूनमध्ये टाकेन, तेव्हाचा बोर्ड लागला की.