मुलगी सिकलसेल वाहक निघाली, मग तिला मलेरिया होणारच नाही का?

कोरचीची_आई
नमस्कार, माझी मुलगी सव्वातीन वर्षांची आहे. अंगणवाडीत टीम आली होती, सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी पॉझिटिव्ह आली, मग रक्त जिल्ह्याला पाठवलं तर रिपोर्टमधे एएस म्हणजे वाहक. दोन दिवस नुसती रडत होते. आता शेजारच्या काकू म्हणतात वाहक पोरांना मलेरिया लागतच नाही, बरंच झालं की, उकाड्यात मच्छरदाणीत कशाला कोंबतेस पोरीला. आमच्याकडे पावसाळ्यात घरोघरी ताप असतो म्हणून विचारते, हे खरंय का? आणि मला पाचवा महिना चालू आहे, त्या बाळाचं काय?

लॅबवाला_भाऊ
ताई आधी रडणं बंद, वाहक म्हणजे आजारी नव्हे, एक जनुक एस म्हणजे सिकलचं, दुसरं चांगलं. काकूंचं अर्धं खरंय. १९५४ मधेच अ‍ॅलिसन नावाच्या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेतल्या पोरांचं रक्त तपासून दाखवलं होतं की वाहकांना फाल्सिपॅरम या जिवावर बेतणाऱ्या जातीच्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. होतं असं की मलेरियाचा जंतू शिरलेली तांबडी पेशी ऑक्सिजन कमी पडला की वाकडी होते आणि प्लीहा तिला गाळून टाकते, शिवाय अशा पेशी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांना कमी चिकटतात. म्हणून जीव घेणारा मलेरिया वाहक मुलांमधे साधारण ९० टक्के कमी दिसतो. पण साधा ताप येतोच हो! मी स्वतः एएस पोरांच्या स्लाइडवर जंतू पाहिलेत. मच्छरदाणी काढू नका.

मोंबासाकर
नोकरीमुळे इकडे केनियात आहे. जवळच किलिफीला लहान मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून अभ्यास झालाय, २००५ ला छापून आला. साध्या मलेरियापासून वाहकांना पहिल्या दोन वर्षांत जेमतेम २० टक्के संरक्षण, दहाव्या वर्षापर्यंत ते ५६ वर जातं. म्हणजे पोर जितकं लहान तितकी ढाल पातळ. आणखी एक गंमत, अल्फा थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोषसुद्धा मलेरियापासून वाचवतो, पण तो आणि सिकल वाहकपणा एकाच मुलात आले तर दोघांचा फायदा जवळपास फिटतो. काकूंना हे सांगून बघा :)

धानोरा_माय
माझा मुलगा एसएस आहे, म्हणजे दोन्ही जनुकं सिकलची, ग्रस्त, म्हणून लिहिते. लोक वाहक आणि ग्रस्त एकाच पोत्यात भरतात. मागे ताप आला तेव्हा एका दवाखान्यात म्हणाले सिकलवाल्यांना मलेरिया नाही होत, बोटाला सुई टोचून बघितलंसुद्धा नाही, तिसऱ्या दिवशी पोरगं पांढरं फटक पडलं, रक्त चढवावं लागलं. एसएसच्या लेकराला मलेरिया झाला तर उलट जिवावर बेततं. ताप आला की त्याच दिवशी आशाताईकडे जा, मलेरिया तपासायची किट तिच्याकडे असते.

लॅबवाला_भाऊ
अगदी बरोबर. आणि कोरचीच्या ताई, मलेरियापेक्षा तुमचा शेवटचा प्रश्न मोठा आहे. तुम्ही दोघांनी तपासणी केलीय का? मुलगी एएस म्हणजे तुमच्यापैकी एकात तरी एस आहेच. दोघंही वाहक असाल तर प्रत्येक खेपेला २५ टक्के शक्यता की बाळ एसएस.

कोरचीची_आई
आज दोघं उपकेंद्रात जाऊन आलो. नळीमागे रेघांचा कागद धरतात ना, यांच्या नळीतून रेघा दिसल्याच नाहीत, नुसतं गढूळ, म्हणजे पॉझिटिव्ह. माझ्या स्वच्छ दिसल्या. मी निगेटिव्ह म्हणजे बाळाची काळजी मिटली ना?

लॅबवाला_भाऊ
बरीचशी मिटली, पूर्ण नाही. त्या नळीत फक्त एस कळतो, बीटा थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक दोष कळत नाही, आणि तो तुमच्यात असला तर एस सोबत जोडी जमून बाळाला त्रास होऊ शकतो. तुमची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, करून घ्या, याच आठवड्यात. बाळ झाल्यावरही नळीवर विसंबू नका, पहिले सहा महिने बाळाच्या रक्तात त्याचं पोटात असतानाचं हिमोग्लोबिन जास्त असतं, रेघा स्वच्छ दिसून फसायला होतं.

कोरचीची_आई
बरं भाऊ, सोमवारी जाते. मच्छरदाणीला एका कोपऱ्यात भोक पडलंय, ते आत्ता शिवायला बसलेय.