मदत हवी आहे: काकूंचं पाळणाघर बंद होतंय, दोन मुलगे, शिफ्टवाला नवरा

मेथी_निवडताना:

नमस्कार. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगते. घाटकोपरहून परतताना गाडीत टाइप करतेय (आज चक्क खिडकी मिळाली), वेलांट्या चुकल्या तर सांभाळून घ्या.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. थोरला आठचा, जूनमध्ये तिसरीत जाईल. धाकटा साडेतीनचा, बालवाडीत. मी मरोळला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, साडेनऊ ते सहा. सकाळी 7:50 ला घर सोडते, फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो. संध्याकाळी दाराला किल्ली लागते पावणेआठला, तीही गाड्या वेळेवर असतील तर. नवरा तळोज्याला कारखान्यात, आठवड्याला शिफ्ट बदलते. पहिली 7 ते 3, दुसरी 3 ते 11, रात्रपाळी 11 ते 7. कंपनीची बस आहे, पण शिळफाट्याचा ट्रॅफिक ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

आजवर हा गाडा चालला तो पुढच्या गल्लीतल्या काकूंमुळे. वय 67, तळमजल्यावर दोन खोल्या, एकूण सहा मुलं. पाटी नाही की फळा नाही. निघताना धाकट्याला त्यांच्याकडे सोडायचं, नऊला त्याच त्याला बालवाडीत नेणार, साडेअकराला आणणार. थोरल्याला रिक्षावाले काका 12:50 ला तिथेच उतरवतात. दोघांना गरम वरणभात, मग धाकट्याची झोप, थोरल्याचा अभ्यास. दोघांचे मिळून सात हजार. उशीर झाला तर काकू फोनवर एवढंच म्हणतात, "ये गं सावकाश, पोळी भरवलीय."

मे अखेरीला त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, त्यानंतर पाळणाघर बंद. त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा त्याच रडल्या. मी नाही रडले, मी मनात तारखा मोजत होते. मेच्या सुट्टीत मुलं गुहागरला सासूबाईंकडे असतात, शाळा साधारण 15 जूनला उघडते. म्हणजे तोवर काहीतरी ठरायला हवं.

पर्याय असे दिसतात:

स्टेशनच्या अलीकडे नवीन डे-केअर आहे. मोबाइलवर कॅमेरा, स्वच्छ, खेळणी छान. एका मुलाचे साडेआठ हजार, भावाला थोडी सवलत. पण संध्याकाळी सातला बंद! त्यानंतर दर पंधरा मिनिटांना दंड. मी पावणेआठला येणारी बाई, महिन्याचा दंडच किती होईल?

सासूबाई. त्या येतीलही, पण वय 70, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि गावी त्यांची दोन गुरं. आल्या तरी गणपतीच्या आधी परत जाणार हे नक्की.

दिवसभराची बाई. दोघींशी बोलले. एकीने पंधरा हजार सांगितले. दुसरीने विचारलं, "मुलगे आहेत का? मग नको." तिचं चूक म्हणवत नाही. परवाच दोघांनी मिळून फ्रिजच्या दांड्याला सुतळी बांधून "लिफ्ट" केली होती.

चौथा पर्याय सगळे फुकट देतात, नोकरी सोड. घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो, तेव्हा तो सल्ला कृपया नको.

आणखी एक, जे मला जास्त टोचतंय. गेल्या ऑगस्टमध्ये पाळणाघरात हात-पाय-तोंडाच्या फोडांची साथ आली. आधी धाकटा, तो बरा होतोय तोवर थोरला. काकू तरी काय करणार, बाकीची मुलं होती. माझ्या अकरा रजा संपल्या. शेवटच्या दोन दिवशी थोरला बराच बरा होता, तर मी त्याला विचारलं, "तासभर एकटा बसशील का, बाबा झोपलाय आत." तो म्हणाला, "बसतो. धाकट्यालाही ठेव, मी बघतो." आठवा नुकताच लागला होता त्याला. तेव्हापासून तो खरंच बघतो. मी घरी आल्यावर धाकटा रडायला लागला की हा त्याला आतल्या खोलीत नेतो आणि म्हणतो, "आईचे आत्ता पाय दुखतात, नंतर रड." मला त्याचं कौतुक वाटायला हवं, पण घशात अडकतं.

तर प्रश्न असा की शिफ्टचा नवरा आणि लांबचा प्रवास असलेल्यांनी हे कसं बसवलं? ठाणे आलं, थांबते. आता मेथी.

कांदेपोहे_विशेष:

साथीच्या वेळचं आमचंही अगदी हेच. आमच्याकडे डॉक्टरांनी फोड सुकेपर्यंत इतर मुलांत पाठवू नका म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे काकूंना दोष देऊ नका. नवीन ठिकाणी जाल तिथे पहिल्याच दिवशी विचारा, ताप आला तर किती तासांत न्यायचं आणि कधी परत घेणार. आमच्या डे-केअरवाल्यांनी 100 ताप दिसला की फोन केला, आणि मी तेव्हा बेलापूरला मीटिंगमध्ये.

कायद्याचं_बोला:

तुमच्या कंपनीत 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी आहेत का? प्रसूती लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभाही आहे. एचआरला लेखी विचारा.

मेथी_निवडताना:

विचारलं आहे. कंपनीची अंधेरीच्या एका पाळणाघराशी सोय आहे, कागदावर सगळं बरोबर. पण सकाळच्या आठच्या डोंबिवली लोकलमध्ये साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन चढून दाखवा. मी स्वतः चढते ती दोन्ही हात मोकळे ठेवून. एकदाच नेलं होतं, थोरला दोनचा असताना, ऑफिसच्या कार्यक्रमाला. मुंब्र्याला तो कुणाच्या तरी पर्सखाली होता, मला फक्त त्याची टोपी दिसत होती. ऑफिसजवळचं पाळणाघर हे ऑफिसजवळ राहणाऱ्यांसाठी. मरोळला राहणं परवडलं असतं तर मी डोंबिवलीचा धागा कशाला काढला असता?

शेजारीण राज्य सरकारी नोकरीत आहे, तिला बालसंगोपन रजा मिळते 180 दिवसांची. आम्हा खासगीवाल्यांना अकरा दिवसांत फोडही बरे करायचे असतात.

अमुकतमुक:

मुलं लहान आहेत तोवर दोन-तीन वर्षं ब्रेक घ्यायला काय हरकत आहे? पैसा पुन्हा मिळवता येतो.

जुनाच_आयडी:

अमुकतमुक, पोस्ट वाचा हो. हप्ता लिहिलाय.

धागाकर्ती, मी तुमच्यापेक्षा एक पिढी आधीची. 26 जुलै 2005 ला माझा मुलगा दोन वर्षांचा होता. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, मी कुर्ल्याला अडकले, फोन बंद. घरी पोचले दुसऱ्या दिवशी दुपारी, गुडघ्यापर्यंत चिखल. मुलगा पाळणाघरवाल्या बाईंच्या मांडीवर पेज खात होता, मला बघून त्याने तोंड फिरवलं. त्या बाईंनी रात्रीचे पैसे घेतले नाहीत. म्हणून सांगते, कॅमेरा नंतर बघा. आधी त्यांना विचारा, गाड्या बंद पडल्या तर सात वाजल्यानंतर माझी मुलं कुठे असतील? जी बाई "मी घरी नेईन" म्हणेल, तिला हो म्हणा. "दंड लागेल" म्हणणारीला नमस्कार करून पुढे जा.

खिडकीजवळ:

मी तुमची पोस्ट वहीत उतरवून आठवडे मांडले (शिफ्टवाल्याची बायको आहे, सवय आहे). तुम्ही एकच प्रश्न समजताय, ते तीन वेगळे आहेत.

पहिल्या पाळीत नवरा सव्वाचारपर्यंत घरी येत असेल. म्हणजे तुम्हाला माणूस हवा तो सकाळी आणि दुपारी, संध्याकाळी नाही. रात्रपाळीत तो सव्वाआठला येतो, तीनपर्यंत झोपतो, मग मोकळा. तेव्हाही संध्याकाळ सुटली. संध्याकाळचा खड्डा पडतो तो फक्त दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात, पावणेदोन ते पावणेआठ. डे-केअर सातला बंद होण्याचं भूत तीनातल्या एकाच आठवड्याचं आहे.

आता त्या आठवड्यापुरतं ऑफिसला विचारा, साडेसात ते चार मिळेल का. अकाउंट्सला मार्चअखेर सोडली तर अडू नये. तुम्ही पहाटे निघा, पावणेसहाला घरी. सकाळी दोघांना शाळेत पाठवायचं काम त्याचं, तो घरीच असतो ना दीडपर्यंत.

मेथी_निवडताना:

पण दुसऱ्या पाळीत तो रात्री सव्वाबाराला येतो. सहाला उठायचं म्हणजे झोप किती होणार?

खिडकीजवळ:

पाच तास. तुमची किती होते?

कांदेपोहे_विशेष:

😶

तिसरा_मजला_मागची_बाजू:

थोरल्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी तो थोरला होतो. आई बेस्टमध्ये होती, मी नऊचा, बहीण चारची. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती, मला ते काम आवडायचं, कारण आई त्याबद्दलच शाबासकी द्यायची. आईला पुढे कुणीतरी सांगितलं असावं, तिने एक केलं. घरी आली की पहिली दहा मिनिटं माझी. बहीण कितीही रडो, बाबांकडे किंवा शेजारी. त्या दहा मिनिटांत मी तिला काहीही सांगायचो, बहुतेक क्रिकेटच. तिला क्रिकेट कळत नव्हतं. आजही कळत नाही.

दुपारच्या वेळेसाठी एक सुचवतो: तुमच्याच इमारतीत कॉलेजला जाणारी मुलगी किंवा मुलगा आहे का? आमच्याकडे वरच्या मजल्यावरचा बीकॉमचा मुलगा चार ते सात बसायचा, थोडे पैसे आणि चहा-पोहे.

मेथी_निवडताना:

आठ दिवसांनी लिहितेय, सगळ्यांचे आभार.

नवऱ्याशी बोलले. "खिडकीजवळ"चा हिशेब त्याच्या रात्रपाळीच्या सकाळी त्याच्या चहाशेजारी ठेवला, तोंडी काही बोलले नाही. तो वाचून म्हणाला, "सहाला उठीन, पण डब्यात काय द्यायचं ते रात्री लिहून ठेव." मी म्हटलं, लिहून नाही ठेवणार, तूच ठरव. कालपासून तालीम सुरू आहे. पहिल्या दिवशी थोरल्याच्या डब्यात बटाट्याची भाजी आणि धाकट्याच्याही डब्यात बटाट्याची भाजी, आणि दोघांच्या बाटल्यांची झाकणं अदलाबदल. चालेल.

ऑफिसने दुसऱ्या पाळीच्या आठवड्यापुरती लवकरची वेळ सध्या तीन महिने दिली आहे, "बघू" म्हणून. डे-केअरला जुनाच_आयडी यांचा प्रश्न विचारला. काउंटरवरची मुलगी गोंधळली, पण आत पोळ्या लाटणाऱ्या मावशी बाहेर येऊन म्हणाल्या, "मी मागच्याच चाळीत राहते, माझ्याकडे झोपतील." त्यांचं नाव आणि नंबर लिहून घेतला. पहिल्या आणि रात्रपाळीच्या आठवड्यांत सकाळी पावणेआठला दार उघडायलाही त्याच येतात.

दहा मिनिटांचं सुरू केलंय. काल थोरल्याने दहाच्या दहा मिनिटं त्याच्या वर्गातल्या एका मुलाच्या दाताबद्दल सांगितलं. धाकटा बाहेर दारावर लाथा मारत होता.

आता एकच मदत हवी आहे. काकूंना निरोप देताना काय द्यावं? साडी त्या घेणार नाहीत, पैसे तर नाहीच. ऑपरेशननंतर खाली बसता येणार नाही म्हणून चांगली उंच खुर्ची घ्यावी असं मनात आहे. कुणी अशी घेतली असेल तर हात असलेली बरी की बिनहाताची, तेवढं सांगा.