अनुप्रास पाठ आहे, ओळ सुचत नाही

साखळीची आई
आम्ही गोव्यात साखळी गावात राहतो. माझा मुलगा चौथीत आहे. घरी कोंकणी, शाळेत मराठी. 'पाऊस' या विषयावर अनुप्रास, म्हणजे एकच ध्वनी पुन्हा पुन्हा आणणं, वापरून पाच ओळी लिहायच्या आहेत. व्याख्या घडाघडा म्हणतो, पण वही उघडली की पेन्सिलीचं टोक चावत बसतो. कशी मदत करू?

फोंड्याचे मास्तर
ताई, आधी वही मिटा. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की त्याला दारात उभा करा. माझ्या वर्गातल्या एका मुलीने अशीच ओळ केली होती: 'पोदेर पहाटे पों पों करत पाव पोचवतो.' तोंडाने दहादा म्हटली, मगच लिहिली.
आणखी एक. अनुप्रास कानाचा असतो, डोळ्यांचा नव्हे. 'चिमणी' आणि 'चूल' दोन्हींत च, पण उच्चार निराळे. 'चोर चुलीपाशी चुकला' म्हणून बघा, जीभ दर वेळी एकाच जागी टेकते. हे मुलांना लगेच कळतं, त्यांना बोलू द्या फक्त.

म्हापशाची मावशी
श्लेषही खेळा, म्हणजे एकाच शब्दाचे निरनिराळे अर्थ. 'पान' घ्या: झाडाचं, वहीचं, विड्याचं, जेवायचं. माझ्या भाचीने लिहिलं, 'आईने पान वाढलं, पावसाने पान वाढवलं.' मला अजून पाठ आहे! आणि मध्येच कोंकणी शब्द आला तर कृपा करून खोडू नका. तोच त्याचा खरा शब्द असतो.

साखळीची आई
मास्तर, मावशी, खूप आभार. काल व्हरांड्यात बसून पागोळ्या बघत होतो, तेव्हा एकदम ओरडला: 'पावसात पप्पांचा पंचा पाटातून पळाला!' पंचा खरंच गेला होता. चार ओळी उरल्यात.